गुरुवार ते रविवार: रेल्वे गेटांपलीकडचं बेळगाव

बेळगावात खायला येणारे लोक खडेबाजार आणि गणपत गल्ली फिरतात, नियाजची बिर्याणी खातात, पुरोहितांचा कुंदा बांधून घेतात आणि महामार्गाला लागतात. त्यात वाईट काही नाही. पण रोजचं, मेहनतीचं, पोटभर जेवण हवं असेल तर रेल्वेचे रूळ ओलांडावेत. टिळकवाडी, अनगोळ, उद्यमबाग, वडगाव, शहापूर आणि पश्चिमेला हिंडलगा-उचगाव या पट्ट्यात लिंगायत खानावळ, उडुपी हॉटेल, सावजी, गोवन मासे आणि मराठा मटण हे सगळं दहा-बारा किलोमीटरांत मिळतं. एकेका चवीला दुसऱ्या गावी वेगळा प्रवास करावा लागेल, इथे रिक्षा पुरते.

अट एकच, वार आणि वेळ सांभाळायची. इथली स्वयंपाकघरं वारावर चालतात. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणारी घरं खूप, त्यामुळे त्या दिवशी मटणाचा खप पडतो, आणि खप पडला की भांड्यात कालचं उरतं. म्हणून हा प्रवास गुरुवारी सुरू करून रविवारी संपवायचा आखला आहे: आधी शाकाहार, मग मासे, शेवटी मटण. हॉटेलांची नावं मुद्दाम कमी दिली आहेत. उपनगरातल्या हॉटेलाची पाटी तीच राहते आणि आचारी बदलतो, चव आचाऱ्याबरोबर जाते. चांगली जागा कशी ओळखायची ते कळलं की नाव लागत नाही.

गुरुवार: टिळकवाडी, गोवावेस

मुक्काम टिळकवाडीत किंवा गोवावेस सर्कलच्या आसपास करावा. स्टेशन जवळ, खानापूर रोड हाताशी आणि रिक्षा रात्री उशिरापर्यंत. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. गेट बंद असलं की दोन्ही बाजूंना वाहनं तुंबतात, त्यामुळे जेवायची जागा गाडी न वळवता गाठता येईल अशी, मुक्कामाच्याच बाजूची धरावी. काँग्रेस रोडला हे नाव ज्या 1924 च्या अधिवेशनावरून पडलं, ते गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलं होतं. सकाळी त्या रस्त्यावरून चालत गेलं की भूक छान लागते.

नाष्टा उडुपी हॉटेलात, साडेसात ते साडेनऊ. आधी काउंटरवर कूपन, मग उभ्याचं टेबल. डोसा खायचा तर तव्याकडे बघा. आचारी पाणी शिंपडतो, चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडतं, झाडूनं तवा पुसतो आणि मग पीठ फिरवतो. पाणी शिंपडायचं कारण तवा थोडा निववणं. फार तापलेल्या तव्यावर पीठ पसरत नाही, गोळा होऊन ओढलं जातं. गर्दीत ही पायरी गाळली की डोसा मध्ये जाड आणि कडेला करपलेला येतो. अकराच्या पुढे पीठ आंबट होत जातं, तेव्हा डोशाऐवजी उप्पीट घ्या. उप्पीट आणि शिरा एकाच बशीत हवा असेल तर ‘चौ चौ भात’ म्हणायचं. कॉफी दोघांत एक हवी असेल तर ‘बाय टू’.

दुपार लिंगायत खानावळीत. साडेबाराला पोचा, दीडनंतर भाकरी थंड होत जाते. काय बघायचं? आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो का, ते. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं असेल तर भाकरी पातळ थापली जाते आणि टम्म फुगते. पीठ आठ-दहा दिवसांचं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, कडा चिरतात, मग बाई भाकरी जाड ठेवते आणि ती मधे कच्ची राहते. उकळत्या पाण्यात पीठ मळून थोडी लाज राखता येते, पण चवीत फरक पडतोच. ताटात चिरलेल्या कडांची जाड भाकरी आली तर पुढच्या वेळी दुसरी खानावळ धरा.

ताटात एण्णेगायी (म्हणजे भरलं वांगं), मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, झुणका, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, कच्चा कांदा, काकडी, मेथीची कोवळी पानं, दही. वांगं देठासकट छोटं असावं, मोठ्या वांग्यात बिया होतात आणि मसाला आतपर्यंत जात नाही. सारणात शेंगदाणा, तीळ, सुकं खोबरं, थोडा गूळ आणि चिंच. तेल सढळ लागतं, कमी पडलं तर वांगं शिजतं पण मसाला कच्चा लागतो. शेंगा चटणीवर दही किंवा कच्चं तेल घेऊन मगच खा. चटणी जिभेला कडू, खवट लागली तर शेंगदाणे जुने आहेत, मागे सारा.

इथे कन्नड चार शब्द यावेत. ऊटा म्हणजे जेवण, स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे, खारा कडिमे म्हणजे तिखट कमी. वाढणाऱ्या बाईला मावशी म्हणा नाहीतर अक्का म्हणा, दोन्ही चालतं. ‘साकु’ म्हणेपर्यंत भाकरी येत राहते, म्हणून वेळेत म्हणा.

संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी. गिरमिट म्हणजे कांदा-टोमॅटो-चिंचगुळाच्या गोज्जूत (दाटसर रसात) कालवलेले चुरमुरे, वरून पुटाणी डाळीचं (डाळ्याचं) पीठ, कांदा, कोथिंबीर. कालवल्यापासून तीन-चार मिनिटांत खायचं, नाहीतर चुरमुरे मऊ पडून लगदा होतो. पार्सल घेऊ नका. रात्री हलकं राहा.

शुक्रवार: कॅम्प दुपारी, उद्यमबाग रात्री

बेळगावला समुद्र नाही, पण मासे गोव्याहून आणि कारवारकडून घाट चढून सकाळीच येतात. कॅम्पातल्या फिश मार्केटला आठ-नऊला एक फेरी मारा, विकत घ्यायचं नसलं तरी. आज बांगडा चांगला आला आहे की सुरमई, ते तिथे दिसतं आणि दुपारी हॉटेलात तेच मागता येतं. जो मासा बाजारात दिसला नाही तो हॉटेलात ‘फ्रेश’ असेल कसा?

1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत थाळीत येणारी सुरमई बहुतेक बर्फातली, तेव्हा सुकट, जवळा किंवा नदीचा मासा घ्यावा, नाहीतर हा दिवस गाळावा.

थाळीत तळलेला तुकडा, आमटी, भात, सोलकढी. रवा लावून तळलेल्या बांगड्याला पोटाजवळ चिरा दिलेल्या असाव्यात, तिथूनच मीठ-आमसूल आत जातं. रवा सुटून तेलात पडत असेल तर मासा ओला होता किंवा तेल तापलं नव्हतं. सोलकढी गुलाबीसर आणि पातळ हवी, भडक जांभळी असेल तर शंका घ्या. भात बेळगाव बासमतीचा मिळाला तर भाग्य. दाणा लहान, वास दरवळणारा. हल्ली रोजच्या थाळीत तो क्वचित येतो, म्हणून आमटी ओतण्याआधी एक घास कोरडा खाऊन बघा.

आता रात्रीचं. उद्यमबागेत फाउंड्री आणि यंत्रांचे भाग बनवणारे कारखाने आहेत, जवळच इंजिनिअरिंग कॉलेजं. खानापूर रोडच्या या भागातले बार अँड रेस्टोरंट या कामगारांवर आणि विद्यार्थ्यांवर चालतात. पाळी सुटल्यावर सहा ते आठ गर्दी. पगार झाल्यावर, साधारण 7 ते 10 तारखेदरम्यान, टेबल मिळत नाही. साडेआठनंतर जरा श्वास मिळतो.

कर्नाटकात दारूचे परवाने वेगवेगळे असतात आणि ते समजून घेतले की फसवणूक होत नाही. सीएल-2 म्हणजे किरकोळ दुकान: छापील किमतीत बाटली घ्यायची आणि निघायचं, तिथे बसून किंवा उभं राहून पिणं नियमात बसत नाही. सीएल-9 म्हणजे बसून पिण्याचा बार. इथे छापील किमतीवर बारचा आकार चढतो, म्हणून दरपत्रक आधी मागा. एसी आणि नॉन-एसीचे दर वेगळे असतात, आणि ‘फॅमिली’ पाटीमागच्या भागाचेही कधी कधी. सीएल-7 म्हणजे राहायची सोय असलेलं हॉटेल. 21 वर्षांखालच्यांना दारू देत नाहीत, कॉलेजातल्या मुलांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

पेग लहान 30 मिली, मोठा 60. माप टेबलासमोर भरायला सांगा, यात संकोच कसला? दोघं असाल आणि एकच प्रकार घेणार असाल तर 180 मिलीची सीलबंद क्वार्टर मागवा: मोठे तीन पेग होतात, माप चुकत नाही आणि सील समोर फुटतं. बिअरची 650 मिलीची बाटली आली की लेबलवरची तारीख वाचा. उकाड्यात पडून राहिलेली जुनी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी वासते, थंड केल्यानं वास दबतो, जात नाही. अशी बाटली फोडण्याआधी परत करता येते, फोडल्यावर वाद होतो.

चकण्याचा क्रम असा लावा. आधी मसाला शेंगा किंवा उकडलेली अंडी: पाच मिनिटांत येतात. सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगाच मागा, दुसरं काही नको. मसाला शेंगांत कांदा-टोमॅटो असतो, त्याचं पाणी सुटून शेंगदाणा नरम पडतो, म्हणून अर्धी अर्धी प्लेट दोनदा घ्या. चिकन 65 सांगताना ‘नवीन तळून द्या’ म्हणा आणि बारा-पंधरा मिनिटं थांबा. चार मिनिटांत आलेलं 65 म्हणजे संध्याकाळी अर्धवट तळून ठेवलेलं आणि पुन्हा तेलात बुडवलेलं: बाहेर कडक, आत चोथा. अंडा बुर्जीत लपवायला जागा नसते, नव्या जागी पहिली परीक्षा तिच्यावर घ्यावी.

जेवण सावजी पद्धतीचं मिळालं तर तेच. हुबळी-धारवाडचं हे मटण आणि खिमा बेळगावातही रुजला आहे. रस्सा काळपट लाल. खसखस आणि सुकं खोबरं खमंग भाजून वाटलेलं, तेलाचा तवंग जाड. तिखट जिभेवर लगेच कळत नाही, दोन घासांनी घशात उतरतं, म्हणून पहिला घास छोटा घ्या. खोबरं जास्त भाजलं गेलं की रस्सा कडवट होतो आणि तो कडवटपणा गूळ घालून झाकला जातो. गोडसर सावजी रस्सा लागला की ओळखा. नानबरोबर खाऊ नका, मैदा रस्सा ओढून घेत नाही. भाकरी चुरून खावी.

बिलात जेवणावर 5 टक्के जीएसटी येतो, दारूवर जीएसटी नसतो. सगळ्या बेरजेवर जीएसटी लावलेलं बिल आलं तर शांतपणे दोन भाग वेगळे करून मागा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. चालवायचं कुणी हे बसण्याआधी ठरवा. रक्तातल्या मद्याची मर्यादा 100 मिलीला 30 मिलिग्रॅम आहे. तोंडी हिशेबानं ती सांभाळता येत नाही, रिक्षा सांगा.

शनिवार: वडगाव, शहापूर

आज पाय आणि पोट दोन्ही जरा सैल सोडायचे. वडगाव-शहापूर हा विणकरांचा भाग. गल्लीत मागाची खटखट सुरू झाली की कोपऱ्यावरच्या टपऱ्यांत चहा, पुरी-भाजी, वडा सुरू होतो, आणि दहाला संपतो. भातकापणीनंतर इथल्या शिवारात ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. हिवाळ्यात आलात तर साध्या खानावळीत मसुराची पातळ आमटी विचारा.

मांडे करणाऱ्या घरांची चौकशीही इकडेच करावी, लग्नसराईत काम जोरात असतं. मैदा आणि बारीक रव्याच्या कणकेत पिठीसाखर, तूप, खसखस यांचं सारण भरून ती हातांवर पसरवत नेतात आणि उपड्या भांड्यावर भाजून घडी घालतात. सारण जरा ओलसर असलं की पसरताना भोक पडतं आणि साखर तव्यावर जळते. विकत घेताना घडीच्या कडेला काळे डाग दिसले तर त्याचं कारण हेच. मांडा वरून गरम दूध ओतून खावा.

शनिवारी मांसाहाराच्या जागा उघड्या असतात, पण खप पडून कालचं उरतं, हे वर सांगितलेलं कारण आजही लागू. आषाढात वडगावात मंगाई देवीची यात्रा असते, त्या दिवशी मात्र इकडे गाडी आणू नका.

रविवार: हिंडलगा, सुळगा, उचगाव

वेंगुर्ला रोड. शहरापासून उचगाव साधारण बारा किलोमीटर. दोन्ही बाजूला भात, पुढे रताळी आणि बटाटा. मंगळवारी आणि शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला भाविकांची रीघ असते, त्या दिवशी रस्ता तुंबतो. रविवार बरा.

रस्त्यालगतच्या साध्या मटण खानावळी आणि ढाबे दोन प्रकारे देतात: ताटानं आणि किलोनं. चौघांच्या पुढे असाल तर किलोनं सांगा. एक किलोत चार-पाच जण नीट जेवतात, भाकरी-भात वेगळा. पण सकाळी दहाच्या आत फोन करायला हवा, कारण बकरं सकाळी कापलं जातं, मटण शिजायला तासभर आणि मसाला मुरायला अर्धा तास. एकला पोचून ‘ताजं करा’ म्हटलं तर कुकरच्या शिट्ट्या वाढवून अडीचला पुढ्यात येतं: मांस तुटतं पण रस्सा वेगळा, मटण वेगळं.

सांगताना कुठला भाग हवा ते सांगा. मांडी आणि चाप (बरगड्या) मिसळून, थोडी चरबी ठेवून. निव्वळ मऊ मांस घेतलं तर रश्शाला अंगच येत नाही, हाडातूनच ते येतं. मुंडी, पाया, वजडी (आतडी-पोट), रक्ती (शिजवलेलं रक्त) हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, या गोष्टी सकाळी नऊलाच ओळखीच्या गिऱ्हाइकांत संपतात. रक्ती खाणाऱ्यानं ती गरम असतानाच खावी, गार झाली की दाणेदार होते.

तांबडा रस्सा कांदा-लसूण चटणीवर उभा असतो. इकडे चटणी म्हणजे तिखट मसाला, तोंडी लावायची नव्हे. तिखटपणाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. भडक लाल पण तिखट नाही, म्हणजे ब्याडगी जास्त पडली. फिकट पण झणझणीत, म्हणजे संकेश्वरी. दोन्हींचा मेळ जिथे जमतो तिथे लोक रस्सा तीनदा मागतात, आणि बहुतेक ठिकाणी तो हात आखडता न घेता वाढतातही. पांढरा रस्सा नाजूक काम आहे. मटणाचं पाणी, खसखस-काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी आली की रस्सा फुटतो, वर तुपकट कण आणि खाली पाणी. गर्दीच्या दिवशी मोठं पातेलं चुलीवरच ठेवलं जातं, म्हणून दोननंतर पांढरा हमखास फुटलेला येतो. साडेबाराला बसणं इथेही फायद्याचं.

गावठी कोंबडा सांगितलात तर वेळेवरून पारखा. गावठी शिजायला पाऊण ते एक तास, ब्रॉयलर वीस मिनिटांत. हाड दातांनी सहज चुरलं आणि छातीचा तुकडा जाड निघाला तर गावठीचे पैसे देऊ नका. मालकाशी भांडण नको, ‘मामा, हा गावठी नव्हे ओ’ एवढं सांगितलं तरी बिल दुरुस्त होतं.

उचगावच्या पुढे बाची, आणि बाचीनंतर शिनोळी: तिथे महाराष्ट्राचा चंदगड तालुका लागतो. रस्ता तोच, बोली तीच, पै-पाहुणे दोन्हीकडचे. पाट्या बदलतात. अलीकडे ‘बार अँड रेस्टोरंट’, पलीकडे ‘परमिट रूम’, कारण महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, कर्नाटकात लागत नाही. तिकडे कडक दारूसाठी वयाची अट 25 आहे. कर्नाटकात घेतलेली बाटली परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेऊ नका, अर्धी उघडलेलीही नको. नाक्यावर तपासणी होते आणि दारूबरोबर गाडीही अडकते.

तारखाही बघून या. 2 ऑक्टोबर कोरडा दिवस, मतदान संपण्याआधीचे 48 तास कोरडे. अनंत चतुर्दशीला आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला शहरात बहुधा दारूबंदीचा हुकूम असतो. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, आणि मराठी भाषक तोच काळा दिवस पाळतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनची ही जखम आहे. त्या दिवशी मराठी वस्तीतली दुकानं, खानावळी बंद असतात आणि रस्ते अडवलेले असतात, खाण्याचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा.

परतीच्या पिशवीत कुंदा असेल तर तो खव्या-दुधाचा आहे हे ध्यानात असू द्या: तपकिरी रंग आटलेल्या दुधाचा आणि साखर करपण्याच्या अगदी अलीकडे थांबवल्याचा. गाडीत उन्हात ठेवू नये, दोन-तीन दिवसांत संपवावा. टिकाऊ काही हवं तर गुरुवारच्याच खानावळीतून कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी सांगून ठेवा, रविवारी निघताना उचला. भाकरी पापडासारखी वाळलेली असावी, मधे वाकत असेल तर ओल राहिली आहे आणि चार दिवसांत बुरा येईल. पत्र्याच्या डब्यात उभ्या रचा, मधल्या फटीत कागद कोंबा, घाटात त्या आपटून फुटतात.